‘गुपी गाइन बाघा बाइन’ : भूक, गाणे आणि सर्व वयांचा प्रेक्षक

प्रस्तावना

सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा बंगाली चित्रपट १९६९ च्या मे महिन्यात कोलकात्यात प्रदर्शित झाला. १९६८ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन हे दोन्ही सन्मान त्यास मिळाले. बंगालमधील चित्रगृहांत तो दीर्घकाळ गर्दी खेचत राहिला. ‘पथेर पांचाली’ (१९५५) किंवा ‘चारुलता’ (१९६४) यांच्या दिग्दर्शकाला एवढी लोकप्रियता त्यापूर्वी लाभलेली नव्हती. आज, पाच दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही, बंगाली घरांत आजी-आजोबा आणि नातवंडे हा चित्रपट एकत्र बसून पाहतात. या दीर्घायुष्याची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर समीक्षेत जवळजवळ रूढ झालेले आहे. चित्रपट दुपदरी आहे; वरच्या पदरात मुलांसाठी भुते, वर आणि जादूचे जोडे आहेत, तर खालच्या पदरात मोठ्यांसाठी राजकीय उपरोध आहे, असे हे उत्तर सांगते. ते सोयीचे आहे. परंतु पुरेसे नाही. पदर निराळे असते तर हशाही निराळा झाला असता. मुले एका जागी हसली असती आणि मोठी दुसऱ्या जागी. या चित्रपटात तसे घडत नाही. दोन्ही प्रेक्षक बहुतेक वेळा एकाच जागी हसतात आणि एकाच जागी गप्प होतात. स्पष्टीकरण शोधायचे ते या एकत्र हसण्याचे.

मूळ कथा आणि तिचा वारसा

चित्रपटाचा आधार असलेली कथा राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची. उपेंद्रकिशोरांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्याच मासिकात १९१५ मध्ये ही कथा छापली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लेखकाचे निधन झाले. पुढे मासिकाची धुरा सुकुमार राय यांनी वाहिली. तेही १९२३ मध्ये अकाली गेले. बंद पडलेले ‘संदेश’ १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने पुन्हा सुरू केले. प्रोफेसर शोंकू आणि फेलुदा ही त्यांची दोन्ही लोकप्रिय पात्रे त्याच मासिकातून वाचकांसमोर आली. चित्रपटाकडे वळण्याचे तात्कालिक निमित्त मात्र घरगुती होते. बाबांचे सगळे चित्रपट फार गंभीर आणि मोठ्यांसाठीचे असतात, अशी मुलगा संदीप याची तक्रार होती.

ही पार्श्वभूमी केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवण्याजोगी नाही. तीन पिढ्या ज्या घरात मुलांसाठी लिहिणे हा जबाबदारीचा उद्योग मानला गेला, त्या घरातून हा चित्रपट आला. मुलांशी बोलताना आवाज लाडिक करावा लागतो, हा समज या घराण्याने कधी बाळगला नाही. त्यामुळेच चित्रपटातील राजे, मंत्री आणि सैनिक मुलांसाठी सौम्य केलेले नाहीत. मंत्री खरोखर क्रूर आहे आणि सैनिक खरोखर उपाशी आहेत.

कथा थोडक्यात अशी. आमलकी गावच्या वाण्याचा मुलगा गुपी याला गाण्याचे वेड आहे. गळा मात्र नाही. गावातील वृद्ध टवाळखोर त्याला चढवून पहाटे राजवाड्यासमोर गायला बसवतात. राजाची झोपमोड होते, तानपुरा फोडला जातो आणि गुपीला गाढवावर बसवून गावाबाहेर काढले जाते. बाघा हा हरीतकी गावचा ढोलवाला. त्याचीही हकालपट्टी झालेली. जंगलात दोघांची गाठ पडते. रात्री भुतांचा राजा प्रसन्न होऊन तीन वर देतो : हवे तेव्हा अन्न आणि वस्त्र, हवे तेथे नेणारे जोडे, आणि ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील असे गाणे-वाजवणे. तेथून ते शुंडीच्या दरबारात पोहोचतात आणि हल्लाच्या मंत्र्याने शुंडीवर लादू पाहिलेले युद्ध थांबवतात. शुंडी आणि हल्लाचे राजे हे परस्परांना दुरावलेले भाऊ आहेत. संतोष दत्त यांनी दोन्ही भूमिका केल्या आहेत, आणि औषध पाजले असताना क्रूर होणारा व औषध उतरताच लहान मुलासारखा वागणारा हल्लाचा राजा ही त्यांची कामगिरी चित्रपटातील सर्वांत कठीण म्हणावी लागेल.

हसणाऱ्याची लाज

आमलकीच्या प्रसंगाकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. झाडाच्या पारावर बसलेले वृद्ध गुपीची चेष्टा करतात तेव्हा प्रेक्षक त्यांच्या बाजूने असतो. गुपी खरोखरच वाईट गातो, तो भाबडा आहे आणि आपली थट्टा होते आहे हे त्याला उमगत नाही. तपेन चट्टोपाध्याय यांचा मोकळा, आशेने भरलेला चेहरा या विनोदाला साहाय्यच करतो. परंतु तानपुरा फुटतो त्या क्षणी हशा घशात अडकतो. गाढवावरून गावाबाहेर जाणाऱ्या मुलाकडे पाहणारा त्याचा बाप दिसतो आणि आपण कोणाबरोबर हसत होतो याची जाणीव प्रेक्षकाला होते.

या प्रसंगात बालप्रेक्षक आणि प्रौढ प्रेक्षक यांच्या अनुभवात फरक आहे तो केवळ मापाचा. आपल्याला येत असलेली गोष्ट मोठ्यांसमोर करून दाखवावी आणि मोठे हसावेत, हा अनुभव प्रत्येक मुलाच्या गाठीशी असतो. प्रौढाने तोच अनुभव नोकरीत, सभेत किंवा स्वतःच्या घरात घेतलेला असतो. राय येथे कोणताही सांकेतिक अर्थ पेरत नाहीत. ते अपमान दाखवतात. अपमान कळण्यासाठी वय लागत नाही. पुढे येणारी सर्व जादू या अपमानाची भरपाई म्हणून येते, आणि म्हणूनच ती निव्वळ चमत्कृती राहत नाही.

येथेच वरांचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. परीकथेतील नायक सहसा राज्य, सामर्थ्य अथवा अमरत्व मागतो. या दोघांच्या वाट्याला येते ते पोटभर जेवण, अंगभर कपडा, हिंडण्याची मुभा आणि आपले कोणी ऐकून घेईल याची खात्री. गावातून हाकललेल्या गरीब माणसाची ही नेमकी यादी आहे. तिच्यात शत्रूला मारण्याचे साधन नाही. शिवाय या वरांना एक अट आहे : टाळी दोघांनी मिळून, एकाने दुसऱ्याच्या हातावर द्यावी लागते. एकट्या गुपीला किंवा एकट्या बाघाला काहीही मिळू शकत नाही. रवि घोष यांचा बाघा चिडका, धूर्त आणि बुटका. तपेन यांचा गुपी उंच, सरळ आणि भोळा. दोघांचे पटते कमी आणि चालते मात्र एकमेकांवाचून काहीच नाही, या साध्या योजनेतून चित्रपटातील निम्मा विनोद निर्माण झाला आहे.

जोड्यांच्या पहिल्या वापराचा प्रसंग त्याचे उत्तम उदाहरण. कोठे जायचे ते नाव धड आठवत नाही, म्हणून दोघे आधी ‘झुंडी’ला जाऊन बर्फात कुडकुडतात, मग ‘हुंडी’च्या वाळवंटात भाजून निघतात आणि तिसऱ्या खेपेस ‘शुंडी’ला पोहोचतात. येथे कॅमेऱ्याची करामत म्हणावी अशी काहीच नाही. टाळी पडते, दृश्य तुटते आणि पुढच्या दृश्यात जागा बदललेली असते. मूकपटांच्या आरंभकाळी झॉर्झ मेलिएस यांनी वापरलेली हीच युक्ती. तुटपुंज्या पैशात, कृष्णधवल फितीवर बनलेल्या या चित्रपटाला (केवळ अखेरचा भाग रंगीत आहे) ही युक्ती वापरणे भाग होते. परंतु तिचा लाभ असा झाला की जादू जुनी दिसत नाही. संगणकीय चमत्कार दहा वर्षांत शिळा होतो, दोन चित्रांमधला तुटवडा शिळा होत नाही.

भुतांचे नृत्य

सुमारे साडेसहा मिनिटांचे भुतांचे नृत्य हा या चित्रपटाचा सर्वांत चर्चिलेला भाग होय आणि ती चर्चा सार्थ आहे. बंगाली लोककथांत भुतांच्या जाती कमी नाहीत. ब्रह्मदैत्य, शाकचुन्नी, माशांना सोकावलेले मेछो भूत अशी मोठी बिरादरी तेथे आहे. मुंजा, हडळ, वेताळ यांच्यात वाढलेल्या मराठी वाचकाला ही वर्गवारी परकी वाटणार नाही. राय यांनी हा तयार माल वापरला नाही. बंगालच्या भूमीवर कोण कोण मेले असेल, असा प्रश्न जणू त्यांनी स्वतःला विचारला आणि चार प्रकारची भुते निर्माण केली : राजे-बादशहा, शेतकरी-कष्टकरी, गोरे साहेब, आणि वाणी-पाद्री इत्यादी लठ्ठांचा वर्ग.

या चौघांना आवाज देण्यासाठी त्यांनी कर्नाटक संगीतातील चार तालवाद्ये निवडली. राजांसाठी शास्त्रोक्त मृदंगम्, कष्टकऱ्यांसाठी लोकवळणाची कंजिरा, साहेबांसाठी घटम् आणि लठ्ठांसाठी मोर्चंग. सुरावट नाही, शब्द नाहीत, केवळ ताल. साहेबांच्या हालचाली कमी गतीने चित्रित करून पडद्यावर यांत्रिक, कळसूत्री केल्या आहेत. आरंभी प्रत्येक वर्ग आपल्या ऐटीत नाचतो. मग लय चढते, प्रत्येक गटात आपसांतच भांडण जुंपते आणि ते एकमेकांच्या जिवावर उठतात. अखेरीस चारही वर्ग एकावर एक अशा चार ओळींत, एकाच वेळी नाचताना दिसतात.

या नृत्याला बंगालच्या सामाजिक इतिहासाचा आलेख म्हटले जाते. ते खरे आहे. परंतु तेवढेच म्हटले तर महत्त्वाची गोष्ट निसटते. जंगलातील रात्र, वाघाचे दर्शन, भेदरलेले दोन मित्र अशी भीतीची सर्व सिद्धता झाल्यानंतर हे नृत्य येते. वाघ खरा होता, भुते मात्र मजेशीर निघतात. मुलाला मिळतो तो भीतीचा आनंदात होणारा कायापालट. प्रौढाला दिसते ते हे की, हयातभर ज्यांनी एकमेकांना पिळले वा कापले ते सगळे मेल्यानंतर एका तालात आले आहेत. लठ्ठ पाद्र्याच्या पोटावर मोर्चंग वाजते तेव्हा दोघेही हसतात आणि त्या हसण्याचे कारण एकच असते. नृत्यानंतर भुतांचा राजा अनुनासिक, यमकबद्ध बोलीत वर देतो. तो आवाज स्वतः राय यांचा आहे, यांत्रिक रीतीने बदललेला. आजोबांच्या गोष्टीत नातवाने भुताचा आवाज द्यावा, ही गंमत जाणत्या प्रेक्षकाला अधिकची.

उपाशी सैन्य

चित्रपटाच्या उत्तरार्धाचा विषय युद्ध असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. त्याचा खरा विषय अन्न आहे. हल्लाचा मंत्री (जहर राय) भरपेट खातो आणि त्याच्यासमोर हाडांचा सापळा झालेला हेर शुंडीची खबर सांगतो. शुंडीत सैन्य नाही, हत्ती-घोडे नाहीत. मग आहे तरी काय, तर शेतात पीक, झाडाला फळे आणि माणसांच्या चेहऱ्यावर समाधान. मंत्र्याला हे ऐकून सुचते ते आक्रमण. पुढे कैदेत पडलेले गुपी-बाघा सुटतात तेही अन्नाच्याच बळावर. उपाशी पहारेकऱ्यासमोर ते टाळी देऊन पक्वान्ने मागवतात आणि त्याची तारांबळ उडते. दुसरा खात असताना नुसते पाहत राहणे म्हणजे काय, हे लहान मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हा चित्रपट पश्चिम बंगालमध्ये बनत होता तेव्हा १९६६ चे अन्न आंदोलन ताजे होते. रेशनच्या रांगा आणि धान्याची टंचाई हा नित्याचा अनुभव होता. १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धे देशाने नुकतीच पाहिली होती. १९४३ च्या दुष्काळाची आठवण तर एका संपूर्ण पिढीच्या अंगात मुरलेली होती. राय यांनी तिच्यावर पुढे ‘अशनि संकेत’ (१९७३) केला. तथापि, हल्ला म्हणजे अमुक देश आणि मंत्री म्हणजे अमुक पुढारी असे समीकरण मांडणे अनाठायी ठरेल. तसे समीकरण असते तर चित्रपट १९७० नंतर केवळ अभ्यासकांपुरता उरला असता. उपाशी सैनिकाला दुसऱ्या उपाशी माणसावर सोडले जाते, हे सूत्र कोणत्याही एका वर्षाचे नाही.

युद्धाचा प्रसंग जैसलमेरच्या किल्ल्यासमोर, उंटांच्या मोठ्या तांड्यासह चित्रित झाला आहे. सैनिक इतके अशक्त की उंटांवर चढणेही जड जाते. गुपी गातो, बाघा ढोल वाजवतो आणि सैन्य खिळून उभे राहते. त्यानंतर आकाशातून मिठाईचे हंडे उतरतात आणि सैनिक शस्त्रे टाकून त्यांवर तुटून पडतात. या दोन टप्प्यांतील फरक समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. गाण्याने सैन्य थांबते, परंतु फुटत नाही. गाणे संपले की ते पुन्हा चालू लागले असते. ते फोडतात मिठाईचे हंडे. कलेची महती गाणाऱ्या चित्रपटाने कलेची मर्यादाही त्याच प्रसंगात, तीही विनोदाने, दाखवून द्यावी, हे विलक्षण आहे. एखाद्या भाबड्या दिग्दर्शकाने गाणे ऐकून सैनिकांचे हृदयपरिवर्तन घडवले असते. राय यांना भुकेचे भान होते.

गाणे आणि गाण्याचा वर

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. ऐकणारा हलूच शकत नाही, ही गाण्याची किमया की गाण्याची जबरदस्ती? गुपीचे गाणे चांगले म्हणून लोक थांबतात, की भुताच्या वरामुळे थांबावेच लागते म्हणून? चित्रपट या प्रश्नाला सरळ भिडत नाही. परंतु वर मिळाल्यानंतरच्या पहाटे गुपी प्रथम गातो तेव्हा आजूबाजूला कोणीही श्रोता नसतो. उगवता दिवस, पाणी, झाडे आणि आपल्या गळ्यातून निघालेल्या सुराने स्वतःच थक्क झालेला गायक. अनूप घोषाल यांचा निर्मळ आवाज आणि राय यांची साधी चाल यांमुळे हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत निरागस ठरतो. ज्याला दरबार मिळवायचा आहे असा माणूस असा एकटा गात नाही. जबरदस्तीचा आक्षेप या प्रसंगाने नाहीसा होत नाही, पण सौम्य निश्चितच होतो.

शुंडीच्या दरबारातील गाणे अधिक विचारपूर्वक रचलेले आहे. स्पर्धेसाठी नामांकित उस्ताद जमले आहेत. त्यांपैकी एक पालखीतून ताना घेत जाताना आधीच दिसलेला आहे. त्यांच्यासमोर हे दोन खेडवळ उभे राहतात आणि राजाला नमस्कार करून सांगतात की आम्ही साधी मातीची माणसे, आम्हाला बंगालीखेरीज भाषा येत नाही. पण गाण्याची भाषा सुराची, तालाची आणि आनंदाची असते. हे ज्या राज्यात गायले जाते तेथील प्रजा साथीच्या रोगाने मुकी झालेली आहे, ही योजना लक्षणीय आहे. शब्द हिरावलेल्या लोकांपुढे शब्दांपलीकडच्या भाषेचे गाणे! बंगाली न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही हा प्रसंग आपलासा वाटतो, यामागे हीच योजना असावी. शिल्पा रानडे यांनी हीच कथा ‘गोपी गवैया बाघा बजैया’ (२०१३) या हिंदी सचेतपटात आणली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या रानडे यांनी राय यांच्या दृश्यांची नक्कल न करता पूर्णतः वेगळी चित्रशैली योजली. कथा एका भाषेच्या बाहेर जाऊ शकते, याची ती एक साक्ष आहे.

मर्यादा

या चित्रपटाचे गुणगान करताना त्यातील उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. मध्यभागी, हल्लाच्या किल्ल्यातील कारस्थानांत, गती मंदावते; बर्फी या जादूगाराची पात्रयोजना हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी रंगवली असली तरी त्याच्या रसायनांनी कथेतील काही गाठी जरा फारच सोयीने सुटतात. मुक्या प्रजेला वाचा फुटते तीही त्याच्याच चूर्णाने.

अधिक गंभीर उणीव स्त्रियांच्या अभावाची आहे. भूक, अपमान, संगीत आणि युद्ध यांवर एवढे बोलणाऱ्या या चित्रपटात स्त्री जवळजवळ नाही. शुंडीची राजकन्या खिडकीत दिसते, हल्लाची त्याहूनही कमी. शेवटी दोघींचे हात बक्षीस म्हणून दोन मित्रांना मिळतात आणि कोणी त्यांचे मत विचारत नाही. परीकथेचा संकेतच तसा, हे समर्थन येथे तोकडे पडते. नायक, वर, भुते आणि युद्ध यांबाबतचे संकेत मोडणाऱ्या दिग्दर्शकाने हा एक संकेत मात्र जसाच्या तसा ठेवला. आजच्या मुली हा चित्रपट पाहताना गुपी किंवा बाघाच होतात, कारण व्हायला तेथे दुसरे कोणी नाही.

‘हीरक राजार देशे’ (१९८०) या उत्तरभागात उपरोध उघड आहे. आणीबाणीनंतरच्या त्या चित्रपटात मेंदू धुणारे यंत्र आहे, जाळल्या जाणाऱ्या पोथ्या आहेत आणि यमकांत बोलणारा, उत्पल दत्त यांनी साकारलेला जुलमी राजा आहे. बंगालच्या राजकीय बोलण्यात तो अधिक उद्धृत होतो. पण त्याला काय सांगायचे आहे ते पहिल्यापासून ठाऊक असते. १९६९ च्या चित्रपटाला तसे ठाऊक नव्हते आणि त्याचे पारडे जड ठरते ते त्यामुळे. तथापि, उत्तरभागाच्या आरंभी राय यांनी पहिल्या चित्रपटाच्या सुखान्तावर स्वतःच एक टिप्पणी करून ठेवली आहे. दहा वर्षे राजजावई म्हणून आयते खाऊन-पिऊन गुपी आणि बाघा तेथे पुरते कंटाळलेले दिसतात, आणि कोठे तरी जायला मिळावे म्हणून वाट पाहत असतात.